अठ्ठावीस हजारांचे मासे

अठ्ठावीस हजार रुपये मोजून माणसाने घरी बसून मासे पाहावेत का, या प्रश्नावर नव्याण्णव सालच्या श्रावणात बिबवेवाडीच्या सुखशांती सोसायटीत जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या सालच्या निवडणुकीवरसुद्धा झाली नाही. पाण्याच्या टाकीवरून तीन वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं या विषयावर बोलती झाली. मत विचारलं नाही ते फक्त एकाला. ज्याने ते अठ्ठावीस हजार मोजले होते, त्या बद्रीनाथ डहाळेला.

आता बद्रीनाथ हा काही उधळ्या माणूस नव्हे. मूळचा परभणीकडचा, पुण्यात येऊन वीस वर्षं झालेली, एका औषधांच्या कंपनीत स्टोअरचा इन्चार्ज. त्याच्या स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय खिळा बाहेर जात नसे. एकदा खुद्द मालकाने येऊन बल्ब मागितला, तर याने "आधी गेलेला बल्ब जमा करा, मग नवा मिळेल" असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं, आणि हा किस्सा तो लग्नामुंजीत अनोळखी माणसांनाही ऐकवायचा. असा माणूस दुकानदाराच्या हाती सापडायचा नाही. पण प्रत्येकाची काही ना काही दुखरी नस असते, तशी याची होती. कुठलंही नवं यंत्र बाजारात आलं की ते आपल्याकडे पहिलं पाहिजे. दुसऱ्या कुणाकडे ते आलं की त्याला त्यात राम वाटत नसे. बिबवेवाडीतला पहिला पेजर याच्याच कमरेला होता. अकरा महिन्यांत तो चारदा वाजला, त्यातले तीन निरोप दुसऱ्यांचे होते.

डीव्हीडी प्लेअर हे नाव तोवर पुण्यात लोकांनी पेपरात वाचलेलं. घरोघरी व्हीसीआर होते, हौशी लोकांकडे व्हीसीडी आली होती. बद्रीनाथ दुकानात गेला तो इस्त्री आणायला. सेल्समनने त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, पुण्यात सात पीस आलेत. पाच गेले कोरेगाव पार्कात. सहावा आमच्या मालकांनी घरी ठेवलाय." पुढचं बद्रीनाथने ऐकलंच नाही. त्यातून एक्स्चेंज ऑफर होती. कुठलाही जुना प्लेअर आणा, चालू असो की बंद, दोन हजार सूट! घरचा व्हीसीआर ठणठणीत होता, तरी दुसऱ्या दिवशी तो रिक्षात घालून आणला गेला. पावती घेताना स्टोअरकीपर जागा झाला. "माल आत-बाहेर जसा आहे तसा जमा" असं त्याने स्वतःच्या हाताने पावतीवर लिहिलं, दुकानाचा शिक्का मारून घेतला, सही घेतली, सहीखाली तारीख घेतली. एवढं सगळं केलं. माल तेवढा उघडून पाहिला नाही.

किंमत त्याने तीन प्रकारे जाहीर केली. आईला आठ हजार, बायकोला अठरा हजार आणि ऑफिसात, "सोडा हो, किमतीचं काय एवढं!" तिसऱ्या दिवशी पूर्णिमाला, म्हणजे त्याच्या बायकोला, धुवायच्या शर्टाच्या खिशात बिल सापडलं.

"अहो, एवढ्या पैशात माझ्या माहेरी दोन म्हशी येतात," ती म्हणाली.

"म्हशीचा आणि याचा काय संबंध?"

"काहीच नाही. म्हैस उपयोगी असते."

दुपारपर्यंत खरी किंमत तिन्ही मजल्यांवर पोचली होती.

आता माशांविषयी. डीव्हीडी प्लेअर घेतला की त्यात घालायला डीव्हीडी लागते, हे बद्रीनाथला ठाऊक होतं. ती पुण्यात कुठेही भाड्याने मिळत नाही, हे त्याला यंत्र घरी आल्यावर कळलं. पेठांतल्या, कॅम्पातल्या साऱ्या व्हिडिओ लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. एकाने तर "डीव्हीडी म्हणजे व्हीसीडीच ना, तुम्हाला नीट म्हणता येत नाही का?" असं विचारून अपमान केला. यंत्राबरोबर एकच डिस्क फुकट आली होती, आणि तिच्यात चाळीस मिनिटं समुद्राखालचे मासे होते. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. पहिल्या संध्याकाळी बावीस माणसं पाहायला आली. "काय क्लिअर हो! खवला न् खवला दिसतोय," असं म्हणून चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी नऊ आली, तिसऱ्या दिवशी दोन. बद्रीनाथच्या आईने, मालनबाईंनी, गळ्यातली माळ सावरून एकदा विचारलं, "काय बघायलेत रे हे सगळे?" मासे आहेत, असं त्यांना सांगितलं. मग, "जित्ते आहेत तोवर बघायला हरकत नाही," असा निर्णय देऊन आत गेल्या. सेक्रेटरींनी मात्र खाली फळ्यावर लिहिलं: "दुसऱ्या मजल्यावर मासे पाहण्यास जाणाऱ्यांनी चपला जिन्यात सोडू नयेत. मासे पळून जाणार नाहीत, सावकाश काढाव्यात."

रोज नेमाने येत ते एकटे गेनबा. गेनबा तळमजल्यावर राहत. सोसायटी उभी आहे ती जमीन मुळात त्यांची. बिल्डरने बदल्यात दोन फ्लॅट दिले, पण पार्किंगला ते अजून "खालचं रान" म्हणत आणि तिथल्या स्कूटरींकडे जनावरं शिरल्यासारखे बघत. दोन आठवडे मासे पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "डहाळे, येक इचारू का? ह्ये मासं रोज त्येच हायत न्हवं?"

"हो, तेच."

"मंग आता त्यास्नी नावं तरी ठिवा."

बद्रीनाथला हे लागलं. तो नव्या तंत्रज्ञानाविषयी बोलू लागला. गेनबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्ये समदं खरं. पर नव्या वाणाचं बी पैल्या साली शेजाऱ्याच्या रानात बघावं. उगावलं, तर दुसऱ्या साली आपल्या रानात टाकावं. तवर त्ये सस्तबी हुतंय."

"आणि सगळ्यांनीच असा विचार केला तर पहिल्या साली पेरणार कोण?"

"त्यो शेजारी," गेनबा शांतपणे म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा संतोष यवतमाळचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. त्याने बाजू सावरायचा प्रयत्न केला. "काका, डोन्ट वरी. तुम्ही अर्ली अ‍ॅडॉप्टर आहात, म्हणजे नवी वस्तू सगळ्यांत आधी घेणारे. आमच्या फिल्डमध्ये अशा लोकांची फार रिस्पेक्ट असते."

"असते ना?" बद्रीनाथला बरं वाटलं.

"म्हणजे काय! प्रॉडक्टमधले सगळे बग्ज तेच तर शोधून देतात कंपनीला. आणि कंपनी त्यांना काही देत पण नाही, उलट तेच पैसे देतात."

याच संतोषने ऑफिसातल्या कुणाकडून तरी अमेरिकेहून आलेली एक डीव्हीडी आणली. सोसायटी पुन्हा जमली. डिस्क आत गेली आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली, की ही डिस्क या विभागासाठी नाही. संतोषने समजावलं, की कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत, अमेरिकेची डिस्क इथल्या यंत्रात चालत नाही. बाकीच्यांना ते पटेना. गेनबांना एकदम पटलं. "रेशनकार्डावानी हाय की. हितलं कार्ड हडपसरला चालतंय व्हय?" ते म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. मग नाइलाजाने मासे लावले.

त्या आठवड्यात गेनबांनी स्वतःच तीन हजार नऊशेला एक चिनी व्हीसीडी प्लेअर आणला आणि त्यावर कुस्त्या बघू लागले. जिन्यात चारचौघांत बद्रीनाथ त्या यंत्राला "खेळणं" म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला. गेनबा नुसते हसले. हे बोलणं त्याला पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

गणपती गेले. पितृपक्ष तोंडावर आला. एका सकाळी मालनबाई देवापुढून उठून आल्या. "बद्री, पंचमीला तुझ्या वडलांची तिथी आहे. तुझ्या आत्याबाई निघायल्यात परभणीहून. कॅसेट काढून ठेव बाबा."

बद्रीनाथ कपाटाकडे वळला.

त्या कॅसेटचं असं होतं, की अण्णांना, म्हणजे त्याच्या वडलांना, फोटोचा भारी तिटकारा. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तोही पेन्शनच्या फॉर्मचा, मोठा करून घेतलेला. चालता-बोलता माणूस फक्त एका ठिकाणी सापडायचा, त्यांच्या एकसष्टीच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. अण्णा जाऊन पाच वर्षं झाली होती. दरवर्षी तिथीला भटजी जेवून गेले, घरचे जेवले, की सतरंजी घालून सगळे ती कॅसेट पाहत. मालनबाई वर्षभर कधी टीव्हीपुढे बसत नसत. त्या दिवशी नवं लुगडं नेसून, चष्मा पुसून, पुढे बसत.

बद्रीनाथने कपाट उघडलं. कॅसेटचा खोका होता. खोक्यात कॅसेट नव्हती. गेल्या पंचमीला पाहिल्यावर ती व्हीसीआरमधून काढायची राहून गेली होती, आणि त्या वर्षात केबलमुळे व्हीसीआरला कुणी हात लावला नव्हता. 'माल आत-बाहेर जसा आहे तसा जमा.' अण्णा एक्स्चेंजमध्ये गेले होते!

मालनबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणशील ना पण?" आणि पोथी उघडून बसल्या. तासाभराने पूर्णिमाने पाहिलं तेव्हाही तेच पान होतं. तिने येऊन नवऱ्याला सांगितलं, "मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण पंचमीच्या आत कॅसेट नाही आली, तर ते मासे मी तळून टाकीन." बद्रीनाथला त्या दिवशी डबा गेला नाही.

दुकानदाराने हात वर केले. एक्स्चेंजचा माल गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागे गोडाऊनमध्ये जातो म्हणाला. तिथे कांद्याच्या वासात एक कारकून बसले होते. चष्म्याला दोरी, टेबलावर शिक्क्यांची ताटली. बद्रीनाथला पाहताक्षणी कळलं, की हा माणूस आपल्याच जातकुळीचा आहे, आणि आता आपलं काही खरं नाही.

"अर्ज आणलाय?"

"अहो, अर्ज कसला? माझी कॅसेट राहिलीये आत."

"तीन प्रतीत आणा. सोबत मूळ पावती."

दुसऱ्या दिवशी तो तीन प्रती घेऊन गेला. कारकुनांनी पावती उजेडाकडे धरून वाचली. "'आत-बाहेर जसा आहे तसा जमा.' अक्षर कुणाचं हे?"

"माझंच."

"सुंदर आहे. म्हणजे आतली कॅसेटही आम्हाला जमा झाली. आता ती कंपनीची."

"अहो, माझ्या वडलांची आहे ती! जरा माणुसकीने..."

"आपण कुठे असता?"

"एका कंपनीत. स्टोअर बघतो."

"मग तुम्हीच सांगा. जमा झालेला माल तुम्ही चिठ्ठीशिवाय देता का?"

बद्रीनाथच्या जिभेवर मालकाच्या बल्बची गोष्ट आली होती, ती त्याने गिळली. आयुष्यात पहिल्यांदा. "नाही देत," तो म्हणाला.

"नाही ना? मग या."

तिसऱ्या खेपेला हेड ऑफिसचं पत्र हवं होतं. चौथ्या खेपेला पत्र मिळालं, पण त्यावर व्हीसीआरचा नंबर नव्हता. व्हीसीआर स्वतः तर कधीच सुटे भाग होऊन गेला होता. बद्रीनाथ खुर्चीत बसून राहिला, मान खाली घालून. रडायचाच बाकी होता. आणि मान खाली घातली म्हणून त्याला दिसलं. टेबलाच्या पुढच्या पायाखाली काळी कॅसेट होती आणि तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अण्णांची एकसष्टी'.

"अहो, ही इथे आहे!"

"टेबल डुगडुगतं," कारकून म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "आहे म्हणता? मग न्या. पण त्याच जाडीचं काहीतरी देऊन न्या. बदली माल मिळाल्याशिवाय मी जागा रिकामी ठेवत नसतो."

बद्रीनाथच्या पिशवीत, खरेदीचा पुरावा म्हणून आणलेलं, डीव्हीडी प्लेअरचं माहितीपुस्तक होतं. अकरा भाषांतलं, चांगलं जाडजूड. त्या अकरांत मराठी नव्हती, तेव्हा तसाही त्याचा उपयोग झाला नव्हता. ते पायाखाली अगदी फिट्ट बसलं. कारकुनांनी टेबल हलवून पाहिलं आणि म्हणाले, "आधीपेक्षा बरं आहे."

कॅसेट हाती आली. पंचमीला सहा दिवस होते. पूर्णिमा म्हणाली, "चला, सुटलो. आता एका दिवसापुरता कुणाचा तरी व्हीसीआर मागून आणा. सोसायटीत चार आहेत."

इथे खरं तर ही गोष्ट संपायला हवी होती. पण मग बद्रीनाथ कसला! महिनाभर ज्यांना त्याने "अजून व्हीसीआरच का तुमच्याकडे?" असं विचारलं होतं, त्यांच्या दारात जायचं?

"अठ्ठावीस हजारांचं यंत्र घरात असताना मी मागून आणू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय, अहो. आता नवीन काही उरलं नाही त्यांच्याकडे."

पण त्याने ऐकलं नाही. मंडईजवळ लग्नाचं शूटिंग करणारा संभाजी कॅसेटवरून व्हीसीडी करून द्यायचा. डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडी चालते असं खोक्यावर छापलेलंच होतं. संभाजी म्हणाला, "तीन तासांची कॅसेट एका डिस्कमध्ये मावत नाही, साहेब. वडलांचं तेवढं निवडून तासाभराची करतो. तुमच्या मशीनवर अशी दिसेल ना, की बोलायचं काम नाही." बद्रीनाथने त्याच संध्याकाळी परभणीला फोन लावून आत्याला सांगितलं, की या वर्षी अण्णा डिजिटल आहेत. आत्याने घाबरून विचारलं, की त्यासाठी काही वेगळा विधी करावा लागतो का.

संभाजीने डिस्क द्यायची दोन दिवस आधी. पण तो गणेश मंडळांच्या विसर्जन मिरवणुकीच्या कॅसेटी करण्यात अडकला, आणि ती हाती पडली खुद्द पंचमीच्या सकाळी. तपासून बघायला सवड कुठली? भटजी आले, पिंड झाले. गच्चीवर कावळ्याने एका मिनिटात घास उचलला, तेव्हा आत्या म्हणाली, "दादा खूश आहेत." खीर, वडे, आमटी, गवार-भोपळ्याची भाजी. भटजी जेवून गेले, पाहुण्यांच्या पंगती उठल्या. "तुम्ही बसा आता पानावर," पूर्णिमा म्हणाली. बद्रीनाथ सकाळपासून उपाशी होता. "आधी हे लावून देतो, मग जेवतो," म्हणून तो यंत्रापुढे बसला. सतरंजीवर अकरा पाहुणे, आणि सगळ्यांत पुढे मालनबाई, चष्मा पुसून.

डिस्क आत गेली. यंत्र थोडा वेळ गुरगुरलं आणि डिस्क नाही म्हणालं. बद्रीनाथने ती काढून धोतराला पुसली. पुन्हा घातली. डिस्क नाही! उलटी घातली, फुंकर मारली, दोन्ही हात जोडून घातली. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. यंत्रच बिघडलं की काय हे पाहायला त्याने शेवटी ती फुकटची डिस्क घातली, आणि पडद्यावर झोकात पिवळे मासे पोहू लागले.

"अगं बाई!" आत्या ओरडली. "श्राद्धाच्या दिवशी मासे?"

वरून संतोषला बोलावलं. त्याने डिस्क उजेडात फिरवून पाहिली. "काका, ही घरी बनवलेली डिस्क आहे. तुमचं मशीन फक्त कंपनीत छापलेली ओळखतं. हिला ते डिस्कच मानत नाही."

"अठ्ठावीस हजारांचं असून?"

"म्हणूनच ना. फर्स्ट मॉडेल आहे. खालच्या बाबांचं चायनीज आहे ना, ते काहीही खातं."

बद्रीनाथ यंत्रापुढे तसाच बसून राहिला. खाली जायचं म्हणजे ज्याला खेळणं म्हटलं ते मागायचं, तेही अकरा पाहुण्यांच्या देखत. मग मालनबाईंनी चष्मा काढला आणि घडी करून डबीत ठेवला. "राहू दे रे बद्री," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू. असले तर."

तो 'असले तर' ऐकला आणि बद्रीनाथ ताडकन उठला. सोवळ्यातच, अनवाणी, दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. गेनबांच्या दारात मात्र तो अडखळला. "गेनबा, ते... म्हणजे आमचं ते यंत्र... अण्णांची डिस्क घेत नाही. तुमचं ते जरा..." काय म्हणावं त्याला सुचेना.

"खेळनं व्हय?" गेनबा म्हणाले. बद्रीनाथची मान खाली गेली. तोवर गेनबांनी वायरी उपटून यंत्र काखेत मारलंही होतं. "आवं, पितर वाट बघत्यात आन तुमी जिन्यात हुबं काय ऱ्हायलासा? चला म्होरं!"

गेनबांनी स्वतःच्या हाताने वायरी जोडल्या. डिस्क आत गेली. चिनी यंत्राने कसलीही चौकशी न करता अण्णांना पडद्यावर आणून उभं केलं. फेटा, उपरणं, कपाळाला गंध. मालनबाईंनी घाईघाईने चष्मा लावला.

आणि आवाज आला.

हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आजवर या कॅसेटवर फक्त सनई वाजायची. परभणीच्या शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ती वरून चढवलेली होती, आणि अण्णांचे नुसते ओठ हलत. पण खालचा मूळ आवाज कॅसेटवर तसाच होता. घरच्या साध्या व्हीसीआरला तो वाचता येत नव्हता, संभाजीच्या मोठ्या मशीनने तो उकरून काढला होता. सनई गेली होती आणि पाच वर्षांनी अण्णा घरात बोलत होते, घसा खाकरून, नेहमीच्या त्या चिडक्या आवाजात.

मालनबाई अण्णांना पेढा भरवतात तो प्रसंग आला. दरवर्षी इथे त्या पदर डोळ्यांना लावत, कारण त्यांची पक्की समजूत, की पेढा खाऊन अण्णा म्हणाले, तुझ्यामुळे साठी गाठली. अण्णांनी पेढा खाल्ला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "अगं, हळू! कवळी हलायलीय."

मग मालनबाईंना हसू फुटलं. असं हसू, की पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "बाई बाई बाई! आणि मी पाच वर्षं रडायले!" हसता हसता त्यांचे डोळे वाहत होते. "पण आवाज बघा. तोच आहे. तोच आवाज."

पुढे अण्णांनी कॅमेऱ्याकडे पाहून हात वर केला. या जागी आत्या दरवर्षी "दादा आशीर्वाद द्यायलेत" म्हणायची आणि सगळे टीव्हीपुढे वाकून नमस्कार करायचे. तसे ते आताही वाकले. गेनबाही वाकले.

"बद्री," अण्णा म्हणाले, "तो दिवा आधी खाली ठेव. डोळे गेले माझे."

वाकलेल्या माना वर झाल्या. त्या दिवशी शूटिंगवाल्याचा माणूस आला नव्हता म्हणून हॅलोजनचा दिवा हातात धरून बद्रीनाथच उभा होता. तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये सबंध खानदान दिसतं, एकटा तो कुठे दिसत नाही.

"सकाळपासून बघायलोय मी," अण्णा म्हणत होते. "आचारी जेवला, शूटिंगवाला जेवला. तुझ्या पोटात अजून अन्नाचा कण नाही. कशाला पाहिजे रे हे नवं खूळ? माणसं पोटभर जेवली की झालं की. जा, जेवून घे आधी."

"हो अण्णा, एवढं झालं की जेवतो," बद्रीनाथचा तेव्हाचा, तरणा आवाज.

"एवढं झालं की, एवढं झालं की! तुझं कधी होतच नाही. ठेव तो दिवा!"

पडद्यावरचा उजेड हलला, खाली गेला आणि सगळं काळं झालं.

बद्रीनाथ पडद्याकडे बघत भिंतीला टेकून उभा होता. हे बोलणं त्याला आठवतसुद्धा नव्हतं. त्याने उपरण्याने तोंड पुसलं, मग सरळ उपरण्यातच तोंड लपवलं.

"ऐकलंस ना?" मालनबाई म्हणाल्या. "पूर्णिमा, पान वाढ त्याचं."

पूर्णिमाने तिथेच, सगळ्यांच्या मध्ये पाट मांडला. बद्रीनाथ पाटावर बसला. वडे गार झाले होते. तिने पाणी पुढे केलं.

गेनबा यंत्रापाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "ताई, परत लावू का?"

"थांबा थोडं," मालनबाई म्हणाल्या. "आधी त्याला जेवू द्या."